बोनस नव्हे, भाऊबीज

प्रश्न : माझी आई 1986 साली आमच्या गावच्या अंगणवाडीत सेविका म्हणून लागली. महिन्याला 275 रुपये मिळायचे. ती वयोमानाने थांबली, आता माझी वहिनी शेजारच्या वस्तीवरच्या अंगणवाडीत तेच काम करते आणि तिला पंधरा हजारांपर्यंत मिळतात. पण दोघींच्याही कागदावर शब्द एकच : मानधन. दिवाळीत वहिनीच्या खात्यात शासनाकडून दोन हजार रुपये जमा झाले, त्याला म्हणे 'भाऊबीज भेट' म्हणतात. मला कुतूहल असे आहे, की गावातली मुले सांभाळणारी ही बाई सरकारच्या लेखी नक्की कोण? नोकर, स्वयंसेविका, शिक्षिका की बहीण? आणि इतक्या वर्षांत सरकारचे मत काही बदलले की नाही?
(एक वाचक, पाथर्डी तालुका)

उत्तर : तुम्ही दिलेल्या चारही पर्यायांना सरकारने वेगवेगळ्या वेळी होकार दिलेला आहे आणि त्यातला एकही होकार आजवर मागे घेतलेला नाही. मत बदलले, पण जुने पुसून नवे लिहिले गेले नाही, जुन्याच्या शेजारी नवे मांडले गेले. त्यामुळे तुमची वहिनी सकाळी शिक्षिका असते, दुपारी सर्वेक्षक, संपावर गेली तर अत्यावश्यक सेवेतली कर्मचारी आणि दिवाळीत बहीण.

आधी तुमच्या आईविषयी एक अंदाज. 275 हा आकडा बरोबर असेल, तर त्या मॅट्रिक झालेल्या असणार. 1986 साली मॅट्रिक नसलेल्या सेविकेला 225 आणि मॅट्रिक झालेलीला 275 रुपये असे केंद्राचे दर ठरले होते. मदतनीसला 110. त्या काळी पाथर्डीसारख्या तालुक्यात मॅट्रिक झालेली सून किंवा लेक मिळणे सोपे नव्हते, तेव्हा गावाने त्यांना शोधून काढले असेल तर नवल नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. त्यासाठी सरकारच्या आधी बोर्डीला जावे लागते. बालशिक्षणाचे काम करणाऱ्या ताराबाई मोडकांनी 1945 साली तिथे ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. गरिबांची मुले बालवाडीपर्यंत येत नाहीत असे दिसल्यावर या दोघींनी बालवाडीच वस्तीतल्या अंगणात नेली. पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. या प्रयोगात मुलांपुढे बसणारी बाई शिक्षिका होती. तिला शिकवण्याचे शास्त्र शिकावे लागे आणि ते शिकवायला वेगळे अध्यापन मंदिर होते. गरिबाच्या पोरांना सांभाळायला कोणीही चालेल, असे ताराबाईंना कधी वाटले नाही.

दिल्लीचा विचार तेव्हा निराळा होता. 1953 साली दुर्गाबाई देशमुखांच्या अध्यक्षतेखाली केंद्रीय समाजकल्याण मंडळ निघाले. मंडळाने संस्थांना अनुदान द्यायचे, संस्थांनी बालवाड्या चालवायच्या, अशी रीत पडली. बालसेविका ही संस्थेची, सरकारशी तिचा थेट संबंध नाही. बालसंगोपन म्हणजे चांगल्या घरच्या लोकांनी करायचे समाजकार्य, सरकारने त्याला हातभार लावायचा. कारखान्यातल्या बायकांच्या मुलांसाठी 1948 च्या कारखाने अधिनियमात पाळणाघराचे कलम होते, पण तिथेही जबाबदारी मालकाची. आपल्या नगर जिल्ह्यात 1950 साली प्रवरेचा साखर कारखाना उभा राहिला, मागून इतर आले. मात्र कारखान्याला ऊस तोडून देणारी बाई कारखान्याच्या हजेरीपटावर नव्हती, म्हणून तिच्या तान्ह्या मुलाला ते कलमही लागू नव्हते. ते मूल उसाच्या फडात पाचटावर निजायचे.

इथे जामखेडचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाता येत नाही. 1970 साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे जामखेडला आले. आधी त्यांनी शिकलेल्या परिचारिका गावोगाव ठेवून पाहिल्या, ते जमले नाही. मग गावातल्याच बायका निवडल्या. त्यातल्या कितीतरी निरक्षर, कितीतरी दलित वस्तीतल्या. त्यांना जामखेडला बोलावून शिकवायचे, पुन्हा गावी पाठवायचे, पुढच्या आठवड्यात पुन्हा बोलवायचे. बाळाचे वजन, जुलाबाचे औषधपाणी, बाळंतपण हे सगळे त्या शिकल्या, आणि त्या बायकांचे गाव ऐकू लागले. जागतिक आरोग्य संघटनेने 1975 साली जगभरातल्या अशा प्रयोगांवर जे पुस्तक काढले, त्यात जामखेड आहे. 1979 साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

त्या दशकात 'गावातलीच बाई, गावाने निवडलेली' हा विचार सगळीकडे मूळ धरत होता. विचार उत्तमच होता. पण सरकारी योजनेत उतरताना त्याचा स्वस्त भाग तेवढा उतरला. बाई गावातली घेतली. दर आठवड्याचे शिकवणे आणि तिच्या शब्दाला असलेले वजन मागे राहिले.

2 ऑक्टोबर 1975 रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना देशभरातल्या 33 प्रकल्पांत सुरू झाली. महाराष्ट्रात सुरुवात धारणी आणि धारावी इथून झाली, एक मेळघाटातले, दुसरे मुंबईच्या झोपडपट्टीतले. सेवा सहा : पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, आईला पोषण-आरोग्याचे शिक्षण आणि मुलांना शाळेपूर्वीचे शिक्षण. त्या पुरवायला माणसे किती? प्रकल्पात एक बालविकास प्रकल्प अधिकारी, त्याच्या हाताखाली मुख्यसेविका, कार्यालयात लिपिक, जीपवर चालक. या सगळ्यांना वेतनश्रेणी, रजा, निवृत्तिवेतन. वेतनश्रेणी मिळाली नाही ती फक्त दोघींना, सेविकेला आणि मदतनीसला. म्हणजे ज्या दोघी प्रत्यक्ष मुलांजवळ बसणार होत्या, त्यांनाच. सेविकेला 100 किंवा शिक्षणाप्रमाणे 150 रुपये, मदतनीसला 35.

त्यामागचा हिशेब कोणी जाहीर केला नाही, पण तो कळायला अवघड नाही. गावातली बाई आहे, घराजवळ बसून चार तास काम करणार, तिच्या घरात कमावता पुरुष आहे, आणि मुले सांभाळणे हे बायका तसेही करतातच. त्यासाठी पगार कशाला? थोडे मानाचे धन दिले की पुरे. शिवाय योजना प्रायोगिक होती, उद्या बंद पडली तर कायम पदांचे ओझे नको. पुढे 33 प्रकल्पांचे हजारो झाले, 'प्रायोगिक' कधीच संपले, तरी अर्थखात्याने तो हिशेब सोडला नाही.

दर मात्र सरकत राहिले. 1978 साली 125 आणि 175. मग तुमच्या आईचे 275. 1992 मध्ये 400. 1997 मध्ये मॅट्रिक सेविकेला 500 आणि मॅट्रिक नसलेलीला 438. (438 या आकड्यावर कोणत्या टेबलावर किती खल झाला असेल, कोण जाणे. चाळीस पूर्ण करायला दोन रुपये कमी पडले.) 2002 मध्ये 1,000, 2008 मध्ये 1,500, 2011 मध्ये 3,000. हे केंद्राचे दर, राज्याने आपली भर वेगळी घातली. यातली कुठलीच वाढ महागाई भत्त्यासारखी आपोआप आलेली नाही. प्रत्येक वेळी मोर्चा, निवडणूक किंवा न्यायालय यांपैकी काहीतरी आधी झालेले दिसते.

न्यायालयाचा विषय निघालाच आहे तर डिसेंबर 2006 हा महिना लक्षात ठेवा. अन्नाच्या हक्काच्या प्रसिद्ध खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्या महिन्यात आदेश दिला की डिसेंबर 2008 पर्यंत देशात किमान 14 लाख अंगणवाड्या झाल्या पाहिजेत, कोणतेही मूल वगळता येणार नाही. म्हणजे अंगणवाडी हा मुलाचा हक्क झाला. आणि त्याच महिन्यात, कर्नाटक सरकार विरुद्ध अमीरबी या खटल्यात, त्याच सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की अंगणवाडी सेविका कोणतेही नागरी पद धारण करत नाही. भरतीचे नियम तिला लागू नाहीत, पद कायद्याने निर्माण झालेले नाही, निवडणूक लढवायलाही तिला आडकाठी नाही, तेव्हा ती सरकारी कर्मचारी नव्हे. दोन्ही निकाल आपापल्या जागी कायद्याला धरून असतील. एकत्र वाचले की अर्थ असा निघतो : सेवा सक्तीची, ती देणारी बाई मात्र हौसेची.

त्याच सुमारास तिच्यावर कामाचा भारही वाढत होता. 2005 साली राज्याने राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन सुरू केले आणि सरकारची नजर वजनकाट्यावर गेली. मूल किती किलोचे, उंची किती, कोण 'सॅम' (तीव्र कुपोषित), कोण 'मॅम' (मध्यम कुपोषित), ही भाषा तेव्हापासून नगरच्या वाड्यावस्त्यांवरही रुळली. त्याचा उपयोगही झाला. राज्यात दोन वर्षांखालच्या खुरटलेल्या मुलांचे प्रमाण 2005-06 मध्ये 39 टक्के होते, ते 2012 च्या पाहणीत 23 टक्क्यांवर आले. याचे श्रेय अनेकांनी घेतले, घ्यावे. दर महिन्याला वजने करणारी बाई त्या वेळीही मानधनावरच होती.

2013 साली दोन गोष्टी घडल्या. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा आला आणि अंगणवाडीतून आहार देणे हे कायदेशीर कर्तव्य ठरले. आणि त्याच वर्षीच्या 45 व्या भारतीय श्रम परिषदेने, जिथे सरकार, मालक आणि कामगार संघटना एकत्र बसतात, शिफारस केली की योजनांवर काम करणाऱ्या या बायकांना कामगार म्हणून मान्यता द्यावी, किमान वेतन द्यावे, निवृत्तिवेतन द्यावे. 2015 च्या परिषदेत ती पुन्हा झाली. शिफारस अजून शिफारसच आहे.

आता महाराष्ट्राचा सगळ्यात रंगतदार प्रसंग. 2017 च्या सप्टेंबरात राज्यातल्या सेविका आणि मदतनीस संपावर गेल्या. त्यांच्या संघटनांच्या कृती समितीचा हा संप जवळजवळ महिनाभर चालला, सेविकेचे मानधन 5,000 वरून 6,500 झाले, मदतनीसचे 2,500 वरून 3,500. मिटले म्हणेपर्यंत मार्च 2018 मध्ये सरकारने अंगणवाडी सेविकांना 'मेस्मा' लावला, म्हणजे अत्यावश्यक सेवा परिरक्षण कायदा, ज्यात संप करणे गुन्हा ठरतो. विधानसभेत गदारोळ झाला, सत्तेतल्याच शिवसेनेने उचलून धरले, आणि काही दिवसांत मुख्यमंत्र्यांना निर्णयाला स्थगिती द्यावी लागली.

स्थगिती मिळाली हे चांगलेच झाले. पण त्या आदेशाने एक कबुली देऊन ठेवली. जी बाई कर्मचारी नाही, जी मान म्हणून काम करते, तिने दोन दिवस अंगणवाडीला कुलूप घातले तर राज्याचा कारभार अडतो, हे सरकारने आपल्या सहीशिक्क्याने लिहून दिले. स्वयंसेविकेवर मेस्मा लावलेला मी तरी दुसरीकडे कुठे ऐकला नाही.

हा दुटप्पीपणा एकट्या मंत्रालयाचा म्हणता येणार नाही. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडमध्ये बायका दारूगोळ्याच्या कारखान्यांत हव्या होत्या, तेव्हा सरकारने भराभर पाळणाघरे उघडली, खर्च सरकारी तिजोरीतून. युद्ध संपले, पुरुष घरी आले आणि बहुतेक पाळणाघरे बंद झाली. गरज असेल तेव्हा बालसंगोपन राष्ट्रीय काम, गरज सरली की घरगुती बाब, ही सरकारांची जुनी खोड आहे. आपल्याकडे 2020 च्या साथीत तेच दिसले. 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेत या बायका ऑक्सिमीटर घेऊन दारोदार फिरल्या, त्या काळात राज्याने त्यांना 50 लाखांच्या विम्याच्या कक्षेत घेतले, टाळ्याही वाजल्या. 2021 च्या ऑगस्टात त्याच बायका सरकारने दिलेले मोबाईल प्रकल्प कार्यालयात परत करत होत्या. फोन गरम होऊन बंद पडायचा, आणि 'पोषण ट्रॅकर' या ॲपमध्ये माहिती इंग्रजीत भरायला लागायची. वाड्यावरच्या मुलाचे नाव, आईचे नाव, वजन, सगळे इंग्रजीत. आठवी-दहावी शिकलेल्या, पन्नाशीच्या सेविकांनी रात्री मुलाला किंवा भाच्याला शेजारी बसवून ते ॲप भरले. तुमच्या घरीही हे झाले असेल.

खरे वळण 25 एप्रिल 2022 चे. गुजरातच्या दाहोद जिल्ह्यातल्या निवृत्त सेविका-मदतनीसांनी ग्रॅच्युइटी मागितली होती. खालच्या अधिकाऱ्याने दिली, उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने नाकारली, आणि मणिबेन मगनभाई भारिया विरुद्ध जिल्हा विकास अधिकारी, दाहोद या नावाने प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. न्या. अजय रस्तोगी आणि न्या. अभय ओक यांनी ग्रॅच्युइटी मंजूर केली. अन्नसुरक्षा कायद्यानंतर अंगणवाडीला कायद्याचे अधिष्ठान आहे, सेविकेवर इतकी कामे आहेत की तिला अर्धवेळ म्हणता येत नाही, आणि तुम्ही मानधन म्हणा की आणखी काही, ग्रॅच्युइटीच्या कायद्यापुरते ते वेतनच आहे, असा निकालाचा गाभा. निकाल ग्रॅच्युइटीपुरता मर्यादित आहे, त्याने कोणी सरकारी कर्मचारी झाले नाही. पण 47 वर्षांत पहिल्यांदा सर्वोच्च न्यायालयाने 'मानधन' या पडद्यामागे जाऊन काम पाहिले. त्यानंतर गुजरात उच्च न्यायालयाने 2024 मध्ये त्यांना नियमित करण्याच्या दिशेने निकाल दिला, 2025 मध्ये खंडपीठाने तिथल्या सेविकेला किमान 24,800 आणि मदतनीसला 20,300 रुपये ठरवून दिले. सीमेपलीकडे नवापूरहून दिसणाऱ्या अंगणवाडीत आणि अलीकडच्या अंगणवाडीत काम एकच आहे, हे सांगायला नको.

महाराष्ट्रात वाट संपाचीच राहिली. 2023 च्या अर्थसंकल्पात सेविकेचे मानधन 8,325 वरून 10,000 झाले, मदतनीसचे 5,500. तरी वेतनश्रेणी, निवृत्तिवेतन आणि ग्रॅच्युइटीसाठी 4 डिसेंबर 2023 पासून पुन्हा संप झाला आणि तो 52 दिवस चालला. ऑक्टोबर 2024 मध्ये, विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर, आणखी वाढ मिळाली : सेविकेला 13,000 मानधन आणि वर 2,000 पर्यंत प्रोत्साहन भत्ता, मदतनीसला 7,500 आणि 1,000. वहिनींचे 'पंधरा हजारांपर्यंत' ते हेच. त्याच वर्षी लाडकी बहीण योजनेचे अर्ज भरून घेण्याचे कामही त्यांच्याकडे आले, अर्जामागे 50 रुपये ठरले. राज्यभरच्या बहिणींना महिना दीड हजार मिळावेत म्हणून जिने रात्री जागून अर्ज अपलोड केले, तिला दिवाळीला बोनस नाही. कारण बोनस कर्मचाऱ्याला मिळतो. तिला भाऊबीज मिळते, वर्षातून एकदा दोन हजार. भावाने दिलेल्या ओवाळणीवर बहिणीने हक्क सांगायचा नसतो, ही त्यातली सोय आहे.

तेव्हा तुमच्या प्रश्नाचे उत्तर : सरकारचे मत बदलले आहे, पण कामाच्या रकान्यात. पैशाच्या रकान्यात ते 1975 सालचेच आहे.

प्रश्न : अंगणवाडी सकाळी चार-पाच तास असते. खिचडी शिजवायची, मुलांना चार गाणी म्हणून दाखवायची. त्यासाठी शिक्षकाइतका पगार मागणे जरा अतीच नाही का?
(एक निवृत्त लिपिक, श्रीरामपूर)

उत्तर : गाणी म्हणून दाखवणे सोपे असते, तर अनुताई वाघांना आयुष्य कोसबाडला काढावे लागले नसते. पण तुमचा प्रश्न बऱ्याच जणांच्या मनात असतो, म्हणून नीट पाहू.

आपला जिल्हा क्षेत्रफळाने राज्यात सगळ्यात मोठा, 17 हजार चौरस किलोमीटरांहून जास्त. अकोले तालुक्याच्या डोंगरात ठाकर आणि महादेव कोळी वाड्यांवर जी सेविका आहे, तिच्याकडे रोजची अंगणवाडी आहेच, शिवाय 2015 पासूनची अमृत आहार योजना आहे, म्हणजे गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचे गरम जेवण आणि मुलांना अंडी-केळी. ती अंडी आणायची, शिजवायची, हिशेब ठेवायचा, बिल मंजूर होईपर्यंत उधारी सांभाळायची. पाथर्डी, जामखेड, शेवगावच्या सेविकेची अडचण उलटी. दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात आणि अर्धी अंगणवाडी ट्रकमध्ये बसून जाते. गेलेली मुले कोणत्या कारखान्यावर आहेत, त्यांची लस चुकली का, परत आल्यावर वजन किती घटले, हे तिनेच शोधायचे. त्याशिवाय सहा महिन्यांच्या आतल्या बाळांच्या घरभेटी, लसीकरणाच्या दिवशी बायका गोळा करणे, 'टीएचआर'ची, म्हणजे घरी न्यायच्या आहाराची पाकिटे वाटणे, बीटची बैठक, पर्यवेक्षिका मॅडमनी मागितलेली तातडीची माहिती. मतदार यादीच्या कामालाही निवडणूक आयोग अंगणवाडी सेविका घेऊ शकतो. या सगळ्यात चार तास कुठे बसतात ते तुम्हीच जुळवून पाहा. तुम्ही कार्यालयात काम केले आहे, तुम्हाला ते माझ्याहून चांगले जमेल.

शिक्षकाशी तुलनेविषयी म्हणाल, तर ती संघटनांनी सुरू केली असे समजू नका, ती 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात बसलेली आहे. त्या धोरणाने तीन ते आठ वर्षे हा वयोगट शिक्षणाचा पहिला टप्पा मानला आणि अंगणवाडी त्यात घेतली. बारावी झालेल्या सेविकेला सहा महिन्यांचा, बाकीच्यांना वर्षाचा अभ्यासक्रम सुचवला. आपल्या राज्याचा 'आकार' हा पूर्वशालेय अभ्यासक्रम आधीपासून आहे. भरतीसाठी आता सेविकाच काय, मदतनीसही बारावी पास लागते. फ्रान्समध्ये तीन वर्षांच्या मुलांच्या सरकारी शाळेतली शिक्षिका आणि प्राथमिक शाळेतली शिक्षिका एकाच श्रेणीत असतात, कारण तिथे ते एकच काम समजतात. आपल्याकडे कितीतरी गावांत अंगणवाडी जिल्हा परिषद शाळेच्याच आवारात भरते. भिंतीच्या या बाजूला पाच वर्षांचे मूल, त्या बाजूला सहा वर्षांचे. दोघांनाही अक्षरओळख हवी. भिंत ओलांडली की शिकवणारीचा पगार मात्र कित्येक पट होतो. तिला पूर्ण शिक्षकाइतके द्यावे की नाही यावर वाद होऊ शकतो, मलाही लगेच उत्तर सुचत नाही. पण किमान वेतनाइतके तरी द्यावे, यावर वाद कसा घालायचा हे मला समजत नाही.

आणि मदतनीसला विसरू नका. सकाळी आधी येऊन कुलूप उघडणारी, पाणी भरणारी, पोरांना घरून आणणारी, कोणाची चड्डी ओली झाली तर बदलणारी ती. 1975 साली तिला सेविकेच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा थोडे जास्त मिळत होते, आज निम्म्याहून थोडे जास्त. पन्नास वर्षांची प्रगती म्हणायची तर एवढी.

प्रश्न : माझी आई सेविका म्हणून निवृत्त झाली, तेव्हा एकरकमी 1 लाख रुपये मिळाले. ग्रॅच्युइटी मिळू शकते का?
(एक वाचक, शेवगाव)

उत्तर : राज्याच्या योजनेत निवृत्तीच्या वेळी सेविकेला 1 लाख आणि मदतनीसला 75 हजार एकरकमी दिले जातात, तुमच्या आईंना मिळाले ते हे. ग्रॅच्युइटी ही वेगळी बाब आहे आणि 2022 च्या निकालानुसार ती कायद्याने लागू होते. पाच वर्षे सलग सेवा हवी. हिशेब असा : शेवटचे महिन्याचे मानधन भागिले 26, गुणिले 15, गुणिले सेवेची वर्षे. समजा शेवटचे मानधन 10 हजार आणि सेवा 30 वर्षे, तर रक्कम सुमारे 1 लाख 73 हजार होते. उशीर झाल्यास व्याजाचीही तरतूद आहे, दाहोदच्या बायकांना न्यायालयाने 10 टक्के दराने व्याज दिले.

अर्ज निवृत्तीनंतर महिन्याभरात करायचा असतो, पण सबळ कारण दाखवले तर उशिरा आलेला अर्जही विचारात घ्यावा लागतो. आईंचे नियुक्तीपत्र, पहिल्या आणि शेवटच्या महिन्याच्या मानधनाची नोंद, बँकेचे जुने पासबुक आणि निवृत्तीचा आदेश शोधून ठेवा. पत्र्याच्या पेटीत असतील. अर्ज बालविकास प्रकल्प कार्यालयात द्या, पोच घ्या, पोचेवर तारीख आणि शिक्का पाहा. तोंडी 'तुम्हाला लागू नाही' असे सांगितले, तर तेच लेखी मागा. लेखी नकार आला किंवा काहीच उत्तर आले नाही, तर कामगार विभागातल्या ग्रॅच्युइटीच्या नियंत्रक प्राधिकाऱ्याकडे दाद मागता येते. दाहोदच्या सेविकांनी सुरुवात तिथूनच केली होती.